झेल सुटला त्याच्या हातून, धावा लागल्या याच्या नावावर! धावफलक दोष नेमका कुणाला देतो?

भाताची झोडणी उरकली आणि खाचरं मोकळी झाली की मुरबाड-शहापूरकडे टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. माळावर नाहीतर सपाट केलेल्या खाचरात मैदान आखतात, मांडव पडतो, कॉमेंट्रीचा माइक येतो, चषक टेबलावर मांडले जातात. पूर्वी सामना संपला की स्कोअरची वही संयोजकाच्या पिशवीत जायची आणि विषय तिथेच मिटायचा. आता क्रिकहिरोजसारख्या ॲपवर एकेक चेंडू नोंदवला जातो आणि रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येऊन पडते. मग सुरू होतं, "याला शेवटची ओव्हर दिलीच कशाला?"

गंमत अशी की ज्याला शिव्या बसतात त्याने ती ओव्हर चांगली टाकलेली असू शकते. कशी, ते बघा.

समजा, मुरबाडजवळच्या एखाद्या गावात सामना चालू आहे. शेवटचं षटक. पहिल्या चेंडूवर फलंदाजाचा फटका चुकतो, चेंडू उंच उडतो, लाँग ऑनचा पोरगा बरोबर खाली येतो आणि झेल सोडतो. चेंडू हातातून निसटून सीमारेषेपार. चार धावा. दुसरा चेंडू निर्धाव. तिसऱ्यावर एक धाव. चौथ्यावर फलंदाज पूर्ण चकतो, पण यष्टिरक्षकही चकतो, चार बाय. पाचव्यावर एक धाव आणि वर कुणीतरी उगाच यष्टीवर फेकलेला चेंडू, म्हणजे ओव्हरथ्रोच्या चार. एकूण पाच. सहाव्यावर दोन धावा काढायला गेले, एक पूर्ण झाली आणि दुसऱ्या धावेत एक जण धावबाद.

धावफलकावर आपल्या गोलंदाजाच्या नावापुढे काय येईल? ११ धावा, बळी शून्य. बायच्या चार धावा त्याच्या खात्यात धरत नाहीत, तेवढी कृपा. पण सुटलेल्या झेलाच्या चार आणि ओव्हरथ्रोच्या चार त्याच्याच. धावबादचा बळीही त्याला नाही. आता हेच षटक क्षेत्ररक्षकांच्या चुका वजा करून मोजा. तीन धावा, एक बळी. (पहिल्या चेंडूवर झेल घेतला असता तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं, हे मान्य. तरी अंदाज येतो.)

तीन धावांत एक बळी घेणारा आणि अकरा धावा देऊन हात हलवत परतणारा हे दोन वेगळे गोलंदाज वाटतात. इथे तो एकच माणूस आहे. ज्या लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, तिथे बोली लागते ती या अकरावर.

पण हे ठरवलं कुणी?

क्रिकेटचा धावफलक मुळात दोष देण्यासाठी बनलेला नाही, हिशेब जुळवण्यासाठी बनलेला आहे. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे संघाची धावसंख्या. प्रत्येक धाव कुठल्या तरी खात्यात टाकायची, की बेरीज बरोबर येते. क्षेत्ररक्षकाच्या चुकीचं खातंच उघडलेलं नाही, म्हणून ती रक्कम मिळेल त्या खात्यात जाते. बहुतेक वेळा गोलंदाजाच्या.

आणि खाती बदलतातही. १९८० च्या दशकापर्यंत वाइड आणि नो बॉलचा दंड गोलंदाजाच्या आकड्यांत धरतच नसत. तो अवांतरात जायचा, म्हणजे कुणाच्याच माथी नाही. वाइड तर उघड उघड गोलंदाजाचीच चूक! नंतर तो दंड त्याच्या नावावर लागू लागला. म्हणून जुन्या आणि नव्या गोलंदाजांच्या सरासरीची तुलना करणाऱ्या पोस्ट फिरतात, त्यांत हिशेबाच्या दोन वेगळ्या पद्धती एकत्र कालवलेल्या असतात.

२०१९ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवते ना? एकोणपन्नासाव्या षटकात जिमी नीशमच्या चेंडूवर ट्रेंट बोल्टने बेन स्टोक्सचा झेल पकडला, पण पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. षटकार, नीशमच्या खात्यात. पुढचं, म्हणजे शेवटचं षटक स्वतः बोल्टचं. मार्टिन गप्टिलचा फेकलेला चेंडू धाव पूर्ण करायला झेपावलेल्या स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेला आणि पंचांनी सहा धावा दिल्या. त्या लागल्या बोल्टच्या खात्यात. सहा चेंडूंच्या अंतरात एकाच माणसाने आपली चूक दुसऱ्याच्या नावावर टाकली आणि जे त्याच्या हातात नव्हतं ते आपल्या नावावर घेतलं.

कानपूर, १९५८: एक बळी कमी पडला

आता आपल्या लोकांची गोष्ट. डिसेंबर १९५८, कानपूर, वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी. सुभाष गुप्ते यांचा लेगस्पिन त्या काळात जगात सर्वांत अवघड समजला जायचा. पहिल्या डावात वेस्ट इंडीजचा संघ २२२ धावांत आटोपला आणि गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय.

उरला कोण? लान्स गिब्ज. पुढे कसोटीत ३०९ बळी घेणारा हा ऑफस्पिनर फलंदाज म्हणून शेवटच्या क्रमांकाचा. त्याचा झेल गुप्ते यांच्या गोलंदाजीवर उडाला होता. यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून तो सुटला. नंतर गिब्जचा त्रिफळा उडवला तो वसंत रांजणे यांनी.

तोवर कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा बळी एकाच गोलंदाजाने घेतले होते, जिम लेकरने, १९५६ मध्ये. तो झेल राहिला असता तर गुप्ते जगातले दुसरे ठरण्याची शक्यता होती. भारतीय माणसाच्या नावावर हा पराक्रम लागायला पुढे ४० वर्षं गेली. १९९९ मध्ये दिल्लीत अनिल कुंबळेने तो केला.

आता धावफलक उघडून बघा. ताम्हाणे यांच्या नावापुढे त्या झेलाबद्दल अक्षरही नाही. त्यांची कारकीर्द आकड्यांत अशी दिसते: २१ कसोटी, ३५ झेल, १६ यष्टिचीत. सोडलेल्यांचा रकाना नाही. आणि खरं सांगायचं तर यातच एक न्यायही आहे. ताम्हाणे त्या काळातले देशातले उत्तम यष्टिरक्षक होते. गुप्तेंच्या फिरकीवर उभं राहून झेल घ्यायचा म्हणजे चेंडू कुठे वळेल ते फलंदाजाइतकंच त्यांनाही ओळखावं लागायचं. दुसरा कुणी मागे असता तर नऊ तरी झाले असते का, हा प्रश्न धावफलक विचारत नाही.

गुप्तेंच्या नशिबी सहकाऱ्याच्या चुकीचा याहून मोठा हिशेब लिहिलेला होता, तो मैदानाबाहेरचा. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्धच्या कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीत ए. जी. कृपाल सिंग होते. कृपाल सिंग यांनी हॉटेलच्या रिसेप्शनिस्टला फोन करून भेटायचं निमंत्रण दिलं, तिने तक्रार केली आणि कारवाई झाली दोघांवरही. फोन गुप्तेंनी केला नव्हता. पण खोलीतल्या सहकाऱ्याला तुम्ही रोखलं का नाहीत, असा मंडळाचा सवाल होता. गुप्ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. फोन करणाऱ्या कृपाल सिंग यांना मात्र पुढे कसोटी सामने मिळाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ मध्ये तिथेच वारले. रेकॉर्डमध्ये फक्त ३६ कसोटी, १४९ बळी आणि शेवटचं वर्ष १९६१ एवढंच दिसतं. वाचणाऱ्याला वाटावं, फॉर्म गेला असेल.

लॉर्ड्सवरचे २९७

सुटलेल्या झेलाची किंमत किती, याचं सगळ्यात महागडं भारतीय उदाहरण १९९० चं. लॉर्ड्स. मोहम्मद अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली. ग्रॅहम गूच ३६ वर असताना संजीव शर्माच्या चेंडूवर त्याच्या बॅटची कड लागली आणि बडोद्याच्या किरण मोरेच्या हातून झेल सुटला. गूच थांबला ३३३ वर. जीवदानानंतरच्या धावा २९७. इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव घोषित केला आणि भारत २४७ धावांनी हरला.

या धावा कुणाच्या? गूचच्या खात्यात जमा झाल्या हे बरोबर, फटके त्यानेच मारले. पण वजा कुणाच्या खात्यातून झाल्या? कपिल, प्रभाकर, शर्मा, हिरवाणी, शास्त्री, सगळ्यांच्या. ज्याने झेल सोडला त्याच्या नाही आणि ज्याने आधी फलंदाजी दिली त्या कर्णधाराच्याही नाही. संजीव शर्माची ती दुसरी कसोटी होती. तिसरी त्याला मिळालीच नाही.

मोरेवर मात्र अन्याय नको. हाच माणूस जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला नरेंद्र हिरवाणीच्या पदार्पणात यष्ट्यांमागे होता. हिरवाणीने त्या सामन्यात १६ बळी घेतले, हे क्रिकेट बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. त्याच सामन्यात मोरेने सहा फलंदाज यष्टिचीत केले, हे किती जणांना आठवतं? यष्टिचीतचा बळी गोलंदाजाच्या खात्यात जातो. म्हणजे झेल सुटला की गोलंदाज सोसतो, यष्टी चपळाईने उडवली की गोलंदाज कमावतो. दोन्हीकडे यष्टिरक्षकाचं नाव कोपऱ्यातच.

धावबाद: दोष कुणाचा, बाद कोण

धावबादची तर वेगळीच तऱ्हा. इथे गोलंदाजाला श्रेय नाही, पण फलंदाजाच्या सरासरीत ती बाद म्हणून पूर्ण धरली जाते. हाक जोडीदाराने चुकीची दिली असली तरी.

याची दोन उदाहरणं लागोपाठच्या दोन कसोटींत मिळाली आणि दोन्हींत अजिंक्य रहाणे होता, ठाणे जिल्ह्यातल्याच डोंबिवलीत वाढलेला. डिसेंबर २०२०, ॲडलेड. विराट कोहली ७४ वर, भारत ३ बाद १८८, दोघांची ८८ धावांची भागीदारी. रहाणेने मिड ऑफकडे चेंडू ढकलून धावेची हाक दिली, कोहली निघाला, रहाणेने मध्येच परत पाठवलं. तोवर कोहली खेळपट्टीच्या अर्ध्यावर आला होता. भारताचा डाव २४४ वर संपला आणि दुसऱ्या डावात तर ३६.

कोहली सुट्टीवर मायदेशी परतला आणि मेलबर्नला कर्णधार झाला रहाणे. तिथे त्याने शतक ठोकलं. रवींद्र जडेजा ४९ वर होता, अर्धशतकाची धाव काढायची घाई झाली आणि रहाणे ११२ वर धावबाद. परत जाताना त्याने जडेजाला रागावायचं सोडून धीर दिला, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ती कसोटी भारताने आठ गडी राखून जिंकली.

धावफलकावर दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे: धावबाद. पुढे कंसात चेंडू फेकणाऱ्यांची नावं. पहिल्या वेळी हाक रहाणेची होती आणि दुसऱ्या वेळी घाई जडेजाची, हे कागदावर कुठेच नाही. मला विचाराल तर इथे नोंद नसलेलीच बरी. धावेचा निर्णय अर्ध्या सेकंदात दोघांनी मिळून घ्यायचा असतो, त्याचे वाटे पाडायला बसलात तर ड्रेसिंग रूममध्ये खटले सुरू होतील.

बेसबॉलने हा खटला चालवला

बेसबॉलवाल्यांनी मात्र तो दीडशे वर्षांपूर्वीच उभा केला. तिथल्या धावफलकाचा जनक मानला जाणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला, क्रिकेटचं वार्तांकन केलेला पत्रकार. क्रिकेटच्या धावफलकावरूनच त्याला कल्पना सुचली. पण तिकडे एक रकाना जास्तीचा आला: 'एरर', म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. सामन्याला अधिकृत स्कोअरर असतो. साधारण प्रयत्नात जमायला हवं होतं ते जमलं नाही, असं त्याला वाटलं तर तो क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक लिहितो आणि त्या चुकीमुळे झालेल्या धावा गोलंदाजाच्या, म्हणजे पिचरच्या सरासरीत धरत नाहीत.

ऐकायला झकास. पण भानगड 'साधारण प्रयत्न' या दोन शब्दांत आहे. जो चपळ पोरगा वीस पावलं धावत जाऊन चेंडूला हात लावतो आणि सोडतो, त्याच्या नावावर चूक लागू शकते. जो जागचा हललाच नाही, त्याची पाटी कोरी. कामच न करणाऱ्याच्या फाइलीवर शेरा नसतो, तसंच हे!

शिवाय एकदा रकाना आला की तो माणसाला चिकटतो. २५ ऑक्टोबर १९८६, बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना. बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला, न्यूयॉर्क मेट्सने सामना जिंकला आणि बकनरच्या नावावर आयुष्यभराचा ठपका लागला. खरं तर बरोबरीची धाव त्याआधीच, कॅचरला चकवून गेलेल्या एका चेंडूवर निघाली होती. तो चेंडू पिचरने वेडावाकडा टाकला की कॅचरने सोडला, यावर वाद होता. स्कोअररने तो पिचरच्या नावावर टाकला. आणि सातवा सामना तर अजून व्हायचाच होता. लोकांना लक्षात राहिला तो फक्त बकनर.

म्हणून २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने उलट्या बाजूने विचार केला. क्षेत्ररक्षकाची चूक शोधत बसू नका. ज्या गोष्टींत क्षेत्ररक्षकाचा हातच नसतो तेवढ्यावर पिचरला मोजा. चेंडू मैदानात पडल्यावर पुढे काय होतं, त्यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्यापेक्षा फारच कमी असतो, असं त्याने आकड्यांनी दाखवलं. क्रिकेटमध्येही त्या दिशेने काम झालंय. चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन आकडेतज्ज्ञाने चेंडूगणिक वर्णनं चाळून कसोटीतल्या सुटलेल्या झेलांची नोंद वर्षानुवर्षे जमवली. ते काम चिकाटीचं आहे, कारण जे अधिकृत कागदावर लिहिलंच नाही ते शोधायचं असतं.

आणि कबड्डीत?

मुरबाड-शहापूरकडे क्रिकेटइतकीच कबड्डी मुरलेली आहे आणि तिथे हा प्रश्न जास्त तिखट होतो, कारण एकाची चूक इतरांना थेट मैदानाबाहेर बसवते.

कोपरारक्षकाने घाई करून चढाईपटूचा घोटा धरला. पकड कच्ची आहे हे दिसताच मदतीला आणखी दोघे धावले. चढाईपटूने तिघांना ओढत हात मध्यरेषेला लावला. तिघेही बाद. मदतीला गेलेल्या दोघांनी काय चूक केली? गेले नसते तर "बघत उभे राहिले" म्हणून ओरडा खाल्ला असता. उलट पकड यशस्वी झाली तर चौघांनी मिळून दाबलेल्या चढाईपटूचा गुण एकाच्याच नावावर लागतो आणि 'हाय फाइव्ह'ही त्याच्याच. मग मैदानातले सगळे गडी बाद झाले की लोण बसतो, त्याचे दोन जादा गुण कुणाच्याच वैयक्तिक नावावर वजा होत नाहीत.

प्रो कबड्डीतली तिसरी चढाई तर यावरचा उत्तम धडा आहे. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. पहिल्या दोन चढाया दुसऱ्याच कुणीतरी रेषेवर वेळ काढून संपवलेल्या असू शकतात. सगळे बचावपटू टपून बसलेत हे माहीत असताना तिसरा जातो आणि पकडला जातो. आकड्यांत तोच अपयशी. ज्या दोघांनी काही केलंच नाही, त्यांच्या चढाया नुसत्या 'रिकाम्या'.

तर मग गावच्या संघाने करायचं काय? ॲप जे लिहितं ते लिहू दे. बाजूला एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक षटकापुढे दोनच गोष्टी टिपा: या षटकात गोलंदाजाने किती संधी निर्माण केल्या, आणि त्यांतल्या किती हातात राहिल्या. नाव फक्त गोलंदाजाचं लिहा, झेल सोडणाऱ्याचं नको. नाहीतर पुढच्या सामन्यात उंच चेंडू आला की सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतील. आठ-दहा सामन्यांत चित्र दिसू लागतं. ज्याची धावगती बारा दिसते, पण दर दुसऱ्या षटकात ज्याच्या चेंडूवर झेल उडतो, तो पोरगा लिलावात स्वस्तात मिळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे गोलंदाजही कमी नाहीत, त्यांना ही वही आयतं निमित्त देईल. म्हणून ती लिहिणारा मैदानाबाहेरचा असावा. आणि आपल्याकडे अंगण खरोखरच वाकडं असतं. चेंडू ढेकळावर आपटून उडाला आणि क्षेत्ररक्षकाच्या खांद्यावरून गेला, तर ती संधी वहीत धरायची नाही. त्या चार धावा खाचराच्या.